पटावर नसलेला विद्यार्थी



स्मरणिकेच्या संपादक मंडळानं मला आपल्या तालुक्यातल्या एका थोर व्यक्तीवर लेख द्यायला सांगितलं. बाकी सगळे शाळेच्या आठवणी लिहिणार, तेव्हा निदान एक लेख वेगळा असावा, हा त्यांचा हेतू. वाळवा तालुक्यात अशा माणसांची वाण नाही. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील आहेत, कासेगावचे राजारामबापू आहेत, रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव आहेत. मी निवडले ते वाटेगावचे शाहीर अण्णाभाऊ साठे. शाळेच्या स्मरणिकेत ही निवड काहींना गमतीची वाटेल, कारण अण्णाभाऊंची उभ्या आयुष्यातली शाळा दीड दिवसाची. पण मी त्यांना निवडलं ते त्याच कारणासाठी, आणि त्यामागं आपल्या वर्गातली एक गोष्ट आहे. ती शेवटी सांगते. आधी अण्णाभाऊ.

तुकाराम भाऊराव साठे हे त्यांचं मूळ नाव. जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावच्या मांगवाड्यात झाला. आईचं नाव वालुबाई, वडिलांचं भाऊराव. तेव्हा सांगली नावाचा जिल्हा नव्हता. सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं आणि वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली पडलं. म्हणून काही पुस्तकांत अण्णाभाऊ साताऱ्याचे असतात आणि काहींत सांगलीचे. सातारकर आणि सांगलीकर दोघेही त्यांना आपलं म्हणतात, आणि दोघांचंही खरं आहे. माणूस तोच, गावही तेच, फक्त पाटी बदलली.

त्या काळात मांगवाडा गावकुसाबाहेर असायचा. दोरखंड वळणं, केरसुण्या बांधणं, लग्नात आणि जत्रेत हलगी वाजवणं ही समाजाची पिढीजात कामं. त्यावर पोट भरत नसे, आणि त्यात सरकारचा जाच वेगळा. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. काही समाजांतलं मूल जन्माला आलं की त्याच्या कपाळी गुन्हेगार असा शिक्का बसायचा. आपल्या भागातल्या मांग-रामोशी बापयांना ठरल्या वेळी गावकामगारापुढं हजेरी द्यावी लागे. हजेरी हा शब्द आपल्याला शाळेमुळं माहीत. बाईंनी नाव पुकारायचं आणि आपण हजर म्हणायचं, की दिवस सुरू. त्याच शब्दाचा धाक अण्णाभाऊंच्या वाडवडिलांच्या छातीत बसलेला होता. हजेरी चुकली की तुरुंग. हा कायदा रद्द झाला तो स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली.

अशा घरातल्या मुलाचं नाव गावच्या शाळेत घातलं गेलं. त्या काळात अस्पृश्य मुलांना इतरांपासून वेगळं बसवत. पुढची हकीकत सांगतात ती अशी की अक्षर नीट काढता आलं नाही म्हणून मास्तरांनी मारलं, दुसऱ्या दिवशीही तोच प्रकार झाला, आणि पोरगं संतापून निघून आलं ते पुन्हा शाळेची पायरी चढलं नाही. अण्णाभाऊंच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, १९१९ मध्ये, कराड तालुक्यातल्या काले या गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली होती. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवतील आणि एका वर्गात शिकतील, हे पुढं त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहानं करून दाखवलं. काले वाटेगावपासून काही फार लांब नाही. एक दार उघडलं होतं. पण या मुलाला तिथवर नेणारं कुणी भेटलं नाही.

मग पोट हीच शाळा झाली. १९३१-३२ च्या सुमारास भाऊराव बायकापोरांना घेऊन मुंबईला निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते म्हणून चालत निघाले. आज आपण पेठ नाक्यावर रात्रीच्या गाडीत बसतो आणि उजाडताना मुंबईत उतरतो. तीच वाट अकरा-बारा वर्षांच्या मुलानं अनवाणी तुडवली. कराड, सातारा, पुणे, मग घाट उतरून खाली, तीनशे किलोमीटरांहून जास्त. वाटेत मिळेल तिथं मजुरी करायची, चार दिवस थांबायचं, पुढं निघायचं. या प्रवासात त्यानं दगड फोडणारी, कोळसा उचलणारी, पाण्यासाठी वणवणणारी माणसं पाहिली. पुढं तीसहून अधिक कादंबऱ्या आणि कितीतरी कथा लिहिणाऱ्या माणसाची पहिली वही या वाटेवर भरली, असं मला वाटतं.

मुंबईत भायखळ्याच्या चाळीत बिऱ्हाड झालं. तुकारामानं हमाली केली, फेरीवाल्याचं गाठोडं वाहिलं, गिरणीत खपला. आणि रस्त्यातल्या दुकानांच्या पाट्या, सिनेमांची पोस्टरं बघत, कुणाला तरी विचारत अक्षरं जुळवायला शिकला. मी हे वाचलं तेव्हा माझी मुलगी अडीच वर्षांची होती. गाडीतून जाताना ती पाट्या ओळखायची आणि आम्ही कौतुक करायचो. तिच्या मागं वाचून दाखवणारे चार जण होते. या मुलाच्या डोक्यावर गाठोडं होतं.

मधल्या काळात कुटुंब पुन्हा वाटेगावला आलं. गावात नात्यातल्या बापू साठे यांचा तमाशाचा फड होता. अण्णाभाऊ त्यात शिरले. ढोलकी, तुणतुणं, पल्लेदार आवाज, पाठांतर आणि समोरच्या माणसाला धरून ठेवायची हातोटी हे सगळं त्यांनी तिथं कमावलं. त्या काळी तमाशात जाणं म्हणजे वाया जाणं. पण खेड्यातल्या माणसाला काय ऐकायला आवडतं, तो कुठं हसतो आणि कुठं गप्प होतो, हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही.

पुन्हा मुंबईला गेले ते माटुंग्याच्या लेबर कॅम्पात. तिथं कॉम्रेड आर. बी. मोरे यांच्यासारखे कार्यकर्ते होते, कामगारांच्या सभा होत्या, वाचनाचा नाद असलेली माणसं होती. अण्णाभाऊ कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते झाले. त्यांनी रचलेलं पहिलं गाणं लेबर कॅम्पातल्या डासांवर होतं असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते. कविता करायची म्हणजे चंद्र-चांदणं हवं असं आपल्याला वाटायचं. या माणसानं जे रात्रभर चावत होतं त्यावर गाणं केलं, आणि भोवतीची माणसं खूश झाली, कारण त्यांनाही तेच चावत होतं.

शाहीर म्हणून त्यांचं नाव झालं ते १९४३ च्या स्टालिनग्राडच्या पोवाड्यानं. हिटलरच्या फौजा रशियात अडवल्या गेल्या त्या लढाईचा हा पोवाडा. वाटेगावचा गडी, ज्यानं रशिया नकाशावर तरी धड पाहिला असेल की नाही कोण जाणे, तो गिरणगावातल्या कामगारांना व्होल्गाकाठची लढाई डफावर सांगत होता. पुढं हा पोवाडा रशियन भाषेत गेला. बंगालमध्ये १९४३ साली लाखो माणसं भुकेनं मेली, त्यावर त्यांनी 'बंगालची हाक' रचली. अमळनेरला गिरणी कामगारांवर गोळीबार झाला, त्यावरही पोवाडा रचला. पोवाडा म्हणजे राजांचा आणि सरदारांचा, ही आपली समजूत. अण्णाभाऊंनी त्याच डफावर भुकेला माणूस आणि संपावरचा कामगार उभा केला.

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अमर शेख बार्शीचे, आवाजाचे धनी, अण्णाभाऊ रचनेचे. या तिघांनी महाराष्ट्राची गावंच्या गावं पालथी घातली. तमाशात आधी गण होतो, मग गौळण, बतावणी आणि वग, हे आपल्याकडच्या जत्रा पाहिलेल्यांना सांगायला नको. अण्णाभाऊंनी गणातच बदल केला. गणपतीच्या जागी त्यांनी मायभूमीला आणि शिवछत्रपतींना वंदन केलं. गौळणीची थट्टामस्करी काढून टाकली. वगात राजाराणीच्या जागी सावकार, शेतकरी, निवडणुकीला उभा राहिलेला शेठजी आणि दौऱ्यावर आलेला मंत्री आणला. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन', 'लोकमंत्र्यांचा दौरा' ही नावं वाचली तरी कुणाची टोपी उडवली असेल ते कळतं. सरकारनं त्यांच्या तमाशावर बंदी घातली. मग तोच खेळ लोकनाट्य या नावानं उभा राहिला, आणि हा शब्द मराठीत कायमचा रुजला.

इथं तालुक्याच्या अभिमानाची एक गोष्ट सांगते. पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी रचली होती. मूळचे श्रीधर कुलकर्णी, वतनदाराच्या घरातले, तमाशासाठी घरदार आणि जात सोडून गेलेले. त्यांच्या लावणीत मुंबईचा थाट आहे, दिव्यांचा झगमगाट आहे. अण्णाभाऊंनीही मुंबईची लावणी रचली. तीत तीच मुंबई आहे, पण पायथ्याशी उभं राहून पाहिलेली. वर माड्या, खाली फुटपाथवर झोपलेली माणसं. एका बाजूला मलबार हिल, दुसऱ्या बाजूला परळ. रेठरे हरणाक्ष आणि वाटेगाव, एकाच तालुक्यातली दोन गावं. एक गावकुसाच्या आतून आला, एक बाहेरून, आणि दोघांची गाठ लावणीत पडली. एकाच शहराची ही दोन चित्रं कुणी शेजारी शेजारी ठेवून आपल्याला शिकवली असती, तर मराठीच्या तासाला माझ्यासारखीला डुलकी आली नसती. (बाई, माफ करा. तो तास जेवणाच्या सुट्टीनंतर असायचा.)

आणि 'माझी मैना'. ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली. बायकोला गावी ठेवून मुंबईला आलेला गडी तिच्या आठवणीनं व्याकूळ झालाय. तिचं रूप सांगतो, निघताना तिची झालेली अवस्था सांगतो, तिला दिलेली वचनं सांगतो. मुंबईची गर्दी आणि तिथली उपासमार सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं हे विरहाचं गाणं आहे. मग शेवटाकडं ते हळूच वळतं. मैनेची आणि माझी जशी ताटातूट झाली, तशीच बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावची महाराष्ट्रापासून झाली, असं तो म्हणतो. भाषावार प्रांतरचनेचा किचकट प्रश्न त्यांनी ज्याच्या त्याच्या घरात आणून ठेवला. आमच्या घरात तर तो अक्षरशः होता. माझे मामा गिरणीत होते आणि मामी गावी. वर्षातून दोनदा, गणपतीला आणि यात्रेला, मामा यायचे. १९८२ च्या संपानंतर ते कायमचे परत आले, तेव्हा मामीची अर्धी हयात वाट बघण्यात गेली होती. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी अशी मैना होती, ते आठवून बघा.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मुंबई मिळाली, बेळगाव-कारवार राहिलं. त्या गाण्यातली ताटातूट निम्मी अजून मिटलेली नाही.

शाहिरीबरोबर अण्णाभाऊ कथा-कादंबऱ्या लिहीत होते. त्यांत आपला मुलूख पानापानावर आहे. नावंच बघा: 'वारणेचा वाघ', 'वारणेच्या खोऱ्यात', 'कृष्णाकाठच्या कथा'. पण या लेखनातला निसर्ग शोभेचा नाही. डोंगर आहे तो बंडखोराला लपायला, नदी आहे ती रातोरात ओलांडायला, आणि पाऊस पडला तर चूल पेटणार, नाही तर नाही. शेतात राबणाऱ्याला निसर्ग जसा दिसतो तसा तो त्यांनी लिहिला. माझे वडील आभाळाकडं बघायचे ते असंच. त्यात सौंदर्य आहे की नाही, याचा विचार पेरणी झाल्यावर.

'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली आली. वाटेगावचा राणोजी गावाच्या मानाची जोगणी आणताना मारला जातो आणि त्याचा मुलगा फकिरा मोठा होतो. दुष्काळ पडतो. माणसं मरू लागल्यावर फकिरा धान्य लुटून उपाशी लोकांत वाटतो, सरकारी खजिन्यावर हात घालतो, आणि शेवटी आपल्या माणसांना सोडवण्यासाठी स्वतः सरकारच्या स्वाधीन होतो. मघाशी सांगितलेली हजेरी या कादंबरीत आहे. दिवसातून तीनदा जाऊन माणसानं आपण आहोत हे सांगायचं, या अपमानानं सगळा वाडा कसा पेटतो, ते वाचावंच लागेल. आणि याच कादंबरीत विष्णुपंत कुलकर्णी आहेत. गावचे कुलकर्णी, पण भुकेनं मरणाऱ्या मांगांच्या पाठीशी उभे राहणारे. ज्याला शाळेतून मार खाऊन बाहेर पडावं लागलं, त्या माणसानं लेखणी हातात आल्यावर सूड उगवला नाही. चांगला माणूस जिथं होता तिथं तो त्यांनी मान देऊन उभा केला. हे पुस्तक त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलं. १९६१ साली त्याला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला.

'स्मशानातील सोनं' ही कथा एकदा वाचली की विसरत नाही. वारणाकाठचा भीमा पोटासाठी मुंबईला येतो. दगडाची खाण बंद पडते, काम जातं. मग तो रात्री मसणवट उकरून मेलेल्यांच्या अंगावरचं किडूकमिडूक सोनं शोधू लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि ती गमवावी लागतात. आणि त्याच वेळी बातमी येते, खाण पुन्हा सुरू झाली. डोंगर फोडणारा हात निकामी झाल्यावर काम आलं. कामगाराला काम हवं असतं, भीक नको आणि चोरीही नको, एवढीच ती कथा. यावर मोठमोठे अहवाल लिहिले जातात. अण्णाभाऊंना काही पानं पुरली.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. उद्घाटन अण्णाभाऊंच्या हस्ते झालं. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलितांच्या आणि श्रमिकांच्या तळहातावर उभी आहे, असा विचार त्यांनी तिथं मांडला. हा विचार आपण पोस्टरवर वाचून पुढं जातो. पण वाटेगावहून चालत निघालेल्या, दगड फोडणारे हात जवळून पाहिलेल्या माणसाच्या तोंडी ती अलंकारिक भाषा नव्हती, ती पाहिलेली गोष्ट होती.

१९६१ साली ते रशियाला जाऊन आले. त्यांच्या पोवाड्यानं ते तिथं आधीच पोचले होते. 'माझा रशियाचा प्रवास' हे त्याचं पुस्तक. त्याच सुमारास 'वैजयंता'वर चित्रपट आला, पुढं 'फकिरा'वर आला, त्यांच्या मागं 'वारणेचा वाघ'वर आला. 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा' आपल्यापैकी बहुतेकांनी टीव्हीवर पाहिला असेल. तोही त्यांच्याच 'अलगुज' या कादंबरीवरचा.

मात्र एवढ्यानं घर भरलं नाही. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत त्यांची वीसेक वर्षं गेली. 'फकिरा' तिथलाच. पुस्तकं खपत होती, पण लिहिणाऱ्याच्या हाती फार थोडं पडत होतं. अखेरच्या काळात प्रकृती खालावली, एकटेपण आलं. सरकारकडून गोरेगावला एक घर मिळालं, आणि तिथं १८ जुलै १९६९ रोजी ते गेले. एकोणपन्नासावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. दीडेक महिन्यानं, २९ ऑगस्टला, अमर शेखही अपघातात गेले. एका पावसाळ्यात महाराष्ट्राचे दोन डफ थांबले.

नंतरचं सगळ्यांना माहीत आहे. २००२ साली त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं, वाटेगावात स्मारक झालं, २०२२ साली मॉस्कोच्या विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसावर आज विद्यापीठांत प्रबंध होतात.

आता आपल्या वर्गातली गोष्ट.

नववीच्या स्नेहसंमेलनात एका मुलानं 'माझी मैना' म्हटलं होतं. आठवतंय? मागच्या बाकावर बसायचा तो. हलगी घरून आणली होती. पडद्यामागं आमचा कोळीगीताचा घोळका नऊवारी सावरत उभा होता, आणि हलगी सुरू झाल्यावर आम्ही सगळ्या पडद्याच्या फटीतून बघायला लागलो. मैदानात शिट्ट्या वाजल्या, वन्समोअर झाला. निवेदकानं पुकारताना सांगितलं होतं, आता सादर होत आहे एक लोकगीत. कवीचं नाव घेतलं नाही, कारण ते कुणाला ठाऊक नव्हतं. गाणाऱ्याला ठाऊक असेल. त्याला कुणी विचारलं नाही. तासाभराच्या एसटीच्या अंतरावर ज्याचं गाव, त्याचं गाणं आपण निनावी ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या.

दहावीला तो मुलगा आला नाही. मुंबईला गेला, मार्केटात माथाडी काम करतो, असं कुणीतरी म्हणालं. आपल्याकडं हजेरीत आधी मुलं, मग मुली. त्याचं नाव कमी झालं म्हणून माझा नंबर बेचाळीसवरून एक्केचाळीस झाला. मला तेवढाच फरक पडला. मी दहावी केली, बारावी केली, सांगलीला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरीला लागले. माझ्या कामात दिवसभर याद्या आणि तक्तेच असतात. यादीतून एक ओळ काढली की खालच्या ओळी आपोआप वर सरकतात आणि मध्ये काही होतं याची खूणही राहत नाही. हे मी इतक्या वर्षांत हजार वेळा केलं असेल. या लेखासाठी अण्णाभाऊंचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं, तेव्हा दीड दिवसाच्या शाळेपाशी थांबले आणि तो बेचाळीसचा एक्केचाळीस झालेला नंबर एकदम आठवला.

अण्णाभाऊ शाळेबाहेर राहून मोठे झाले, म्हणून शाळा नसली तरी चालतं, असा याचा अर्थ कुणी काढू नये. ते वाचले ते अंगच्या बळावर, आणि लेबर कॅम्पात त्यांना शिकवणारी माणसं भेटली म्हणून. जे वाचले नाहीत, त्यांची स्मारकं नसतात. गुरुजन, तुम्ही आमच्यासाठी जे केलं ते आम्ही विसरलेलो नाही; फीचे पैसे स्वतःच्या खिशातून भरणारे गुरुजी या स्मरणिकेतल्या निम्म्या लेखांत असतील. हा लेख तुमच्या तक्रारीचा नाही. नाव कमी झालं तेव्हा आम्ही चाळीस-पन्नास जण वर्गात होतो, आणि एकानंही त्याच्या घरी जाऊन विचारलं नाही. ही आमची बाकी आहे.

म्हणून संयोजकांना एक विनंती. मेळाव्याच्या निमंत्रणाची यादी दहावीच्या निकालावरून केली आहे. ती आठवीच्या हजेरीपटावरून करूया. कार्यालयात जुने पट जपून ठेवलेले आहेत, मी विचारून घेतलं आहे. मध्येच गळालेल्यांचे पत्ते शोधायचं काम माझ्याकडं द्या. ग्रुपवर नाहीत म्हणून ते आपले वर्गमित्र नाहीत असं थोडंच आहे? आणि तो जर सापडला, आला, आणि त्याच्या मनात असलं, तर सांस्कृतिक कार्यक्रमात पाच मिनिटं राखून ठेवा. हलगीची सोय मी करते. या वेळी पुकारताना कवीचं नाव घ्यायचं: शाहीर अण्णाभाऊ साठे, मुक्काम वाटेगाव, तालुका वाळवा. आणि त्याच्या आधी गाणाऱ्याचं.

भेटूच मेळाव्यात.

तुमची,
जुना हजेरी क्रमांक बेचाळीस